मुक्या जिवाची साक्ष

रेवस-मांडव्यापासून खाली श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत रायगडच्या किनाऱ्याला नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि वाडी तिथे खोबरेल हे ओघाने आलेच. या किनाऱ्यावरच्या तेलाला इतिहासही आहे. अलिबागजवळच्या नवगावला ज्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले असे परंपरा सांगते, ते बेने इस्रायल लोक पुढे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गावोगाव वसले आणि तेलाचा घाणा हा त्यांचा पिढीजात धंदा झाला. शनिवारी घाण्याला बैल जुंपायचा नाही हा त्यांचा नेम, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले शनिवार तेली. घाण्यातून निघालेले तेल काही दिव्यात जाई, काही फोडणीत, आणि काही माणसांच्या अंगात जिरे. बाळंतिणीच्या खोलीत न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून पाय लांब करते, बाळाला नडग्यांवर उताणे घेते, कोमट तेलाने आधी टाळू भरते, मग छातीवरून खांद्याकडे, पोटावर गोल, मांडीपासून घोट्यापर्यंत हात फिरवते. उजवा हात आणि डावा पाय एकमेकांकडे आणून सांधे मोकळे करते. शेवटी पालथे घालून पाठ चोळते आणि कढत पाण्याचे तांबे ओतते. मोठ्यांसाठी हाडवैद्य असत. उसण भरली, मान धरली, पाय मुरगळला की पावले तिकडे वळत. या हातांनी खरोखर काय होत होते, हे तपासायला विज्ञानाला दीडशे वर्षे लागली, आणि त्या तपासात सर्वांत मोलाची साक्ष दिली ती सशांनी आणि उंदरांनी. पण ती साक्ष कशाबद्दल होती आणि कशाबद्दल नव्हती, हे समजून न घेतल्यामुळे मालिशचे भक्त आणि मालिशचे टीकाकार दोघेही फसत आले आहेत.

माणसाला विचारून हा प्रश्न सुटत नाही, ही पहिली अडचण. चोळून घेतलेला माणूस सांगतो, बरे वाटले. खोटे सांगत नाही. पण मुरगळलेला पाय आठ-पंधरा दिवसांत बहुधा आपला आपणच सुधारतो, तेवढे दिवस घरी पडून राहिल्याचाही गुण असतो, कोणी आपल्याकडे लक्ष देऊन तासभर बसले याचाही असतो, आणि हाडवैद्याच्या नावावरचा विश्वास तर असतोच. बाळाचे तसेच. मालिश करा अथवा करू नका, निरोगी बाळ अंग धरतेच. मग श्रेय कोणाला द्यायचे? जनावर या गोंधळातून सुटलेले असते. त्याला वैद्याचे नाव ठाऊक नसते आणि भिडेखातर बरे वाटले म्हणणेही ठाऊक नसते. आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट प्रयोगशाळा निघण्याच्या फार आधीपासून अवगत होती. घोड्याला रोज खरारा करणारा मोतद्दार आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळून खांदेमळणी करणारा शेतकरी, दोघेही मुक्या अंगावर हात चालवत होते. उपचार लागू पडला की नाही हे शेतकरी बैलाच्या वागण्यावरून ठरवी. जू समोर धरले की बैल मान खाली घालतो की अंग चोरतो, एवढीच त्याची कसोटी. पुढे सगळ्या प्राणिप्रयोगांनी कामाला लावली ती हीच कसोटी, फक्त तिच्या जोडीला सूक्ष्मदर्शक आला.

जर्मनीत बॉनला फॉन मोझेनगाइल या शल्यविशारदाने १८७६ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यापासून ही कथा सुरू करणे रास्त. त्याने सशांच्या गुडघ्याच्या सांध्यांत काळी शाई टोचली. दोन्ही बाजूंचे सांधे सारखेच भरले, पण चोळला एकच. नंतर सांधे उघडून पाहिले तेव्हा न चोळलेला सांधा शाईने काळा होता. चोळलेल्या सांध्यातली शाई बरीचशी निघून गेलेली होती, आणि ती वर मांडीच्या बाजूला लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचल्याचे दिसले. प्रयोग इतका साधा की शाळकरी मुलालाही समजावा, आणि त्यातली खुबी दुसऱ्या गुडघ्यात आहे. ससा तोच, खाणे तेच, विश्रांती तीच, काळही तोच; फरक फक्त हाताचा. पुढे १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये कास्तेक्स याने कुत्र्यांच्या स्नायूंना इजा करून एका बाजूला मालिश केले, दुसरी तशीच ठेवली. काही महिन्यांनी तपासले तेव्हा चोळलेला स्नायू जवळजवळ पूर्ववत होता, दुसऱ्यात जून तंतू माजले होते. हे वाचून आज अंगावर काटा येतो, कारण त्या कुत्र्यांना कोणी वाली नव्हता. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. या दोघांनी प्रश्न लहान विचारला होता. सांध्यात साचलेला द्रव हाताच्या दाबाने हलतो का? इजा झालेल्या स्नायूची घडण चोळल्याने बदलते का? उत्तरही तेवढ्यापुरते आले, आणि ते टिकले.

प्रश्न मोठा विचारला की काय होते, त्याचा दाखला अमेरिकेत मिळतो. तिथल्या ऑस्टिओपॅथी पंथाचे म्हणणे असे, की मणका किंचित जागचा हलला की दूरदूरचे अवयव बिघडतात आणि हाताने मणका बसवला की ते सुधारतात. लुइझा बर्न्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून कित्येक दशके सशांचे मणके मुद्दाम बिघडवून त्याचे परिणाम नोंदले आणि पंथाला हवा तो निष्कर्ष पुन्हा पुन्हा काढला. चिकाटी थोर, पण तुलनेची शिस्त ढिली, आणि तपासणारे आधीच पंथाचे. विज्ञानाच्या मुख्य प्रवाहाने तो खटाटोप जवळजवळ बाजूला टाकला. मोझेनगाइलचा एक गुडघा उरला आणि बर्न्सबाईंचे सशांचे कळप विस्मरणात गेले, ते उगाच नव्हे. प्राणी खोटे बोलत नाही हे खरे. पण त्याच्या तोंडी आपले म्हणणे घालणाऱ्याला तो अडवूही शकत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला या कथेत अनपेक्षितपणे हिंदुस्थानातली माकडे येतात. पोलिओच्या लसीसाठी आणि इतर संशोधनासाठी इथून लाल तोंडाची माकडे हजारोंनी परदेशी जात होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांच्याकडे अशी आयात माकडे पोहोचत ती बऱ्याचदा आजारी. म्हणून त्यांनी आपल्याकडेच माकडांची पैदास करायचे ठरवले आणि रोग पसरू नये यासाठी पिल्ले जन्मताच आईपासून वेगळी वाढवली. पिल्ले जगली, धष्टपुष्ट झाली, पण पिंजऱ्याच्या तळाशी घातलेल्या कापडाच्या लंगोटाला चिकटून बसू लागली आणि तो काढून घेतला की आकांत करू लागली. त्यातून तारेची आई आणि कापडाची आई हा प्रसिद्ध प्रयोग निघाला. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्लू दिवसभर बिलगे ते कापडाच्या आईला. १९५८ मध्ये हार्लो यांनी हे मांडले तेव्हा अमेरिकेतले मोठे मोठे मानसशास्त्रज्ञ बाळाला फार कुरवाळू नये असा उपदेश करून गेलेले होते. स्पर्श ही भुकेइतकीच निकड आहे हे त्या पिल्लांनी दाखवले. याच हार्लोंच्या पुढच्या एकांतवासाच्या प्रयोगांत जी क्रूरता होती तिचे समर्थन मात्र करता येत नाही. कळायचे ते आधीच कळून चुकले होते. अमेरिकेत माकडांचा लष्करी किरणोत्सर्गाच्या चाचण्यांत वापर होतो हे उघड झाल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ मध्ये माकडांची निर्यात बंद केली.

हार्लो यांनी स्पर्शाची गरज दाखवली, पण शरीरात नेमके काय घडते ते सांगितले नाही. ते काम नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत देखणे तर्कशास्त्र तिथे आहे. १९७८ मध्ये त्यांनी दाखवले की उंदराची पिल्ले आईपासून थोडा वेळ दूर केली की त्यांच्या रक्तातले वाढीचे संप्रेरक घसरते आणि पेशींच्या वाढीशी जोडलेले एक विकर मंदावते. आईकडे परत ठेवले की दोन्ही पूर्ववत. आता आई म्हणजे काय काय? ऊब, दूध, वास, हालचाल, स्पर्श. एकेक घटक बाजूला काढून पाहिला. ऊब कृत्रिम दिली, तरी घसरण थांबली नाही. स्तनाग्रे बांधलेली आई जवळ ठेवली, दूध मिळत नव्हते, तरी पिल्ले ठीक राहिली. भूल दिलेली आई शेजारी निजवली. ऊब होती, वास होता, पण ती हलत नव्हती, आणि पिल्लांची पातळी घसरली. म्हणजे आई जे करते त्यात काहीतरी होते. उंदीर-आई पिल्लांना सारखी चाटते. मग ओल्या कुंचल्याने, जरा जोर देऊन, पिल्लांच्या अंगावर चाटल्यासारखे फटकारे मारले, आणि पातळी वर आली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी याहून बारीक फरक केला. पिल्लाचे हातपाय हलवणे किंवा त्याला झुलवणे याने हा परिणाम झाला नाही. त्वचेवरच्या जोरकस स्पर्शानेच झाला.

त्याच वर्षी टिफनी फील्ड यांनी अमेरिकेत दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांवर चाचणी केली. वीस बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, दर वेळी १५ मिनिटे अंगावरून हात फिरवला आणि हातपाय हलवले. वीस बाळांना नेहमीचीच शुश्रूषा. मालिश झालेल्या बाळांचे वजन रोज सरासरी २५ ग्रॅम वाढले, इतरांचे १७ ग्रॅम, म्हणजे ४७ टक्के जास्त, आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. उंदराच्या पिल्लापासून माणसाच्या बाळापर्यंतचा रस्ता इतका सरळ क्वचितच सापडतो. तरी एक खोच लक्षात घ्यावी. उंदराने सांगितले होते की हातपाय हलवण्याने काम होत नाही, आणि माणसाच्या चाचणीत स्पर्श आणि हालचाल दोन्ही एकत्र होती. प्रयोगशाळेने वेगळी केलेली गोष्ट दवाखान्याने पुन्हा एकत्र केली. नंतर फील्ड यांच्याच गटाने हलका आणि मध्यम दाब वेगवेगळा तपासला तेव्हा मध्यम दाबाच्या बाळांचे वजन जास्त वाढले. न्हाऊ घालणाऱ्या बाईचा हात हलका नसतो, हे इथे सहज आठवावे.

पण आपल्या किनाऱ्याचा प्रश्न नुसता हाताचा नाही, तेलाचाही आहे. तो मुंबई-पुण्यात तपासला गेला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात झालेला अभ्यास २००५ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आला. दीड ते दोन किलो वजनाची अपुऱ्या दिवसांची बाळे आणि अडीच किलोंवरची पूर्ण दिवसांची बाळे घेतली; कोणाला खोबरेल, कोणाला खनिज तेल, कोणाला नुसती पावडर लावून मालिश. दुसऱ्या दिवसापासून सुरुवात, दिवसातून चारदा, आणि घरी गेल्यावर आईच्या हातून, बाळ ३१ दिवसांचे होईपर्यंत. चोळणे सगळ्यांनाच होते, वेगळे होते ते चोळायचे द्रव्य. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेलाच्या गटाचे वजन इतर दोन्ही गटांपेक्षा वेगाने वाढले. पूर्ण दिवसांच्या बाळांत ते पावडरच्या गटापेक्षा सरस ठरले. बाळांच्या मज्जासंस्थेशी संबंधित वागण्यात मात्र फरक दिसला नाही. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या अभ्यासाने दुसरी बाजू उजेडात आणली. १२० नवजात बाळांपैकी काहींना करडईचे, काहींना खोबरेल तेल पाच दिवस चोळले आणि काहींना काहीच नाही. रक्त तपासले तर करडईच्या गटात आवश्यक मेदाम्ले वाढलेली, खोबरेलाच्या गटात संपृक्त मेदाम्ले वाढलेली. तेल नुसते अंगावर राहत नाही, आत जाते. दिल्लीत २००० मध्ये १२५ बाळांवर झालेल्या अभ्यासात तिळाचे तेल वरचढ ठरले होते. तीन शहरांत तीन अभ्यास, आणि प्रत्येकाने हात आणि तेल यांची वाटणी वेगळ्या रीतीने केली. ही वाटणी करण्याची सवय ड्यूकच्या पिल्लांकडून आली, असे म्हणायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे आमच्या आजीला ठाऊकच होते, त्यासाठी उंदीर कशाला? आक्षेपात अर्धे सत्य आहे. आजीला चोळणे ठाऊक होते. चोळण्यातले काय उपयोगी आणि काय अपायकारक, हे ठाऊक असणे शक्य नव्हते, कारण तिने दोन गुडघे शेजारी ठेवून पाहिले नव्हते. परंपरा एक नाही, अनेक आहेत. कोकणात खोबरेल, देशावर तिळाचे वा करडईचे, उत्तरेत आणि बंगालात सरसूचे तेल. सगळ्याच आज्या ठाम होत्या. गॅरी डार्मस्टॅड्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही तेले उंदरांच्या त्वचेवर लावून पाहिली. इजा झालेल्या त्वचेचे संरक्षक आवरण सूर्यफुलाच्या तेलाने लवकर सावरले, सरसूच्या तेलाने उशिरा, आणि पेशींची हानीही झाली. मग ढाक्याच्या शिशू रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावले, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग काहीच न लावलेल्या बाळांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी झाले. कोट्यवधी बाळांना पिढ्यान्पिढ्या लावले जाणारे एक तेल शंकास्पद ठरले ते उंदराच्या पाठीवर. बाळाच्या नाका-कानांत तेल सोडण्याची रीतही याच आजीची, आणि डॉक्टर ती सोडा म्हणून सांगतात. आजीचा मान राखूनही तिची परीक्षा घेता येते.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्याच्या कंबरेत उसण भरत नाही, त्याला नोकरीची काळजी नाही, दुखण्याचा अर्थ लावणारे मन त्याच्याकडे आपल्यासारखे नाही. खरे आहे, आणि म्हणूनच तो काही प्रश्नांसाठी योग्य आणि काहींसाठी अयोग्य साक्षीदार आहे. आयोवा विद्यापीठात कॅथलीन स्लुका यांनी उंदराच्या घोट्यात मिरचीतले कॅप्सेसिन टोचून पंजा हळवा केला आणि मग गुडघ्याचा सांधा हाताने हलवला, तोही उंदीर भुलीखाली असताना. शुद्धीवर आल्यावर पंजाचा हळवेपणा काही काळ कमी झालेला आढळला. भुलीत असलेल्या उंदराला कोणावर विश्वास ठेवण्याची सोय नव्हती. मज्जारज्जूतल्या सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन यांच्या ग्राहकांना औषधाने अडवले की तो गुण नाहीसा झाला. अफूसारख्या द्रव्यांचे ग्राहक अडवले तरी टिकला. सांधा हलवल्याने शरीराची आपली वेदना दाबणारी वाट उघडते, एवढे यातून ठरले. अमेरिकेतच टेंपल विद्यापीठात उंदरांना खाऊच्या आशेने दांडी पुन्हा पुन्हा ओढायला शिकवले. आठवडे गेले तसे पुढच्या पायांत अतिश्रमाची दुखापत आणि तंतूंची गाठाळ वाढ झाली. ज्यांच्या पायांना नियमित हाताने चोळून-ताणून दिले त्यांत ती वाढ कमी आढळली. जाळे ओढणाऱ्या आणि नारळावर चढणाऱ्या हातांना यातून थेट उपचार मिळत नाही. पण मालिशमध्ये जो काही गुण आहे तो केवळ मनाचा खेळ आहे, असे म्हणणाऱ्याला आता पुरावा द्यावा लागेल.

तिसरा आक्षेप दयेचा. तो टाळू नये. कास्तेक्सच्या कुत्र्यांच्या काळी नियम नव्हते. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती शक्य झाली आणि १९९८ च्या नियमांनी प्रयोगापूर्वी मंजुरी बंधनकारक झाली. ते आवश्यकच होते. शिवाय प्राण्याचा अभ्यास म्हणजे सुरी, असे मानण्याचे कारण नाही. याच किनाऱ्यावर किहीमला सलीम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर नुसती नजर ठेवून दाखवून दिले की नर अनेक घरटी विणतो आणि मादी पाहणी करून पसंत करते. शॅनबर्ग यांचा मूळ धागाही आई चाटते या निरीक्षणाचाच होता. माझा निकष असा: प्रश्न लहान आणि नेमका असेल, उत्तर दुसऱ्या मार्गाने मिळत नसेल, आणि ते मिळाल्यावर प्रयोग थांबणार असेल, तरच जिवाला त्रास देण्याचे समर्थन होते. ड्यूकची पिल्ले या निकषात बसतात. बर्न्सबाईंचे ससे बसत नाहीत.

मात्र उंदराच्या साक्षीवर माणसाचा निकाल लावण्याची घाईही नको. फील्ड यांच्या चाचणीनंतर बाळांच्या मालिशवरचे अभ्यास वाढले, आणि २००४ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ते एकत्र तपासले गेले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन मालिशने रोज सुमारे पाच ग्रॅम जास्त वाढते असे दिसले, पण बऱ्याच अभ्यासांची रचना कच्ची होती, म्हणून सर्रास शिफारस करण्याइतका पुरावा नाही असा त्यांचा निर्वाळा पडला. शीवच्या अभ्यासातही कोणत्या बाळाला काय लावले हे उघड होते. म्हणजे हाताने काहीतरी होते हे प्राण्यांनी पक्के केले. किती होते, कोणाला होते, कोणत्या तेलाने होते, हे माणसांतच मोजावे लागेल. रायगडच्या किनाऱ्यावर ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. नवजात बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा जातेच, काट्यावर वजन घेतेच, तक्त्यात लिहितेच. त्या तक्त्यात आणखी दोन रकाने घालावेत: बाळाला चोळतात का, आणि कोणत्या तेलाने. अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन या तीन तालुक्यांतली एका वर्षाची नोंद झाली, तरी मोठी चाचणी कशी आखायची हे ठरवायला ती पुरेल. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने एवढे मनावर घ्यावे.